कंपनीतले ताण माणसं उभी करून कळतात का?

गिरमिट

नमस्कार मंडळी.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी प्लॅनिंगला आहे. म्हणजे प्रॉडक्शन आणि स्टोअर्स या दोघांच्याही शिव्या ज्या खात्यात जमा होतात तिथे. कंपनी घरची आहे. दोन भावांनी उभी केली, थोरले काही वर्षांपूर्वी बाजूला झाले, आता धाकटे एमडी आहेत. थोरल्यांचं नाव कोणी काढत नाही. पार्किंगमधली त्यांची जागा मात्र अजून कोणी वापरत नाही.

आमच्याकडे क्वालिटी मॅनेजर टिकत नाही. येतो, सुरुवातीला जोरात असतो, मग प्रॉडक्शनशी वाजतं, मग राजीनामा. माणूस बदलतो, भांडण तेच. वाक्यंसुद्धा तीच: "डिस्पॅच अडवायला बसलात का?"

आता एमडींनी एक कन्सल्टंट बाई आणल्यात. त्या 'ऑर्गनायझेशनल कॉन्स्टेलेशन' करतात. मागच्या आठवड्यात तासाभराचं प्रात्यक्षिक झालं. प्लँट हेडना म्हणाल्या, या लोकांतून एकाला 'प्रॉडक्शन' करा, एकाला 'क्वालिटी', एकाला 'मालक', एकाला 'ग्राहक'. त्या त्या खात्यातला माणूस नको. मग एकेकाला खांद्याला धरून खोलीत मनाला येईल तिथे उभं करा, बोलू नका. प्लँट हेडनी अकाउंट्सच्या मुलाला क्वालिटी केलं आणि प्रॉडक्शनच्या पाठीमागे, जवळजवळ कपाटाला चिकटवून उभं केलं. रिसेप्शनच्या मॅडम ग्राहक, त्यांचं तोंड खिडकीकडे. सगळे मालकाकडे बघतायत, मालक जमिनीकडे बघतोय, ग्राहकाकडे कोणीच बघत नाहीये. बाईंनी एकेकाला विचारलं, काय होतंय? अकाउंट्सचा मुलगा, जो एरवी टीडीएसखेरीज कशावर तोंड उघडत नाही, म्हणाला, "मला इथून निघून जावंसं वाटतंय." नंतर बाईंनी एक रिकामी खुर्ची आणून मालकाशेजारी ठेवली. प्लँट हेडच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचावन्न वर्षांचा, फोर्ज शॉपमधून वर आलेला माणूस.

आता मुळशीला रिसॉर्टवर पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे आणि कोणाकोणाला घ्यायचं ती यादी माझ्याकडे मागितलीय. मला अजून समजत नाही, हे शास्त्र आहे, नाटक आहे, की अंगात येणं आहे? कोणी केलंय का? यादीत नावं घालू की नको?

भुंगा

आमच्याकडे हे दरवर्षी एप्रिलमध्ये होतं. इन्क्रिमेंट लेटर मिळालं की सगळे आपापले दाराकडे तोंड करून उभे राहतात. कन्सल्टंट लागत नाही.

तर्कटराव

यादीत कोणाचंही नाव घालू नका. अंनिसला मात्र कळवा.

हे प्रकरण बर्ट हेलिंगर या जर्मन गृहस्थांपासून सुरू होतं. आधी कॅथलिक धर्मगुरू, दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांमध्ये बरीच वर्षं मिशनरी, नंतर धर्मसेवा सोडून मानसोपचाराकडे. कुटुंबातले लोक असे उभे करायचे आणि मग प्रतिनिधींना म्हणे त्या अनोळखी कुटुंबाच्या भावना 'जाणवतात'. कशा जाणवतात? तर 'फील्ड' असतं. मग रूपर्ट शेल्ड्रेक यांच्या मॉर्फिक फील्डचा, म्हणजे सजीवांना आपसात जोडणाऱ्या अदृश्य स्मृतिक्षेत्राचा, दाखला द्यायचा, जे मुख्य प्रवाहातलं विज्ञान मानतच नाही. शिवाय घराण्यात कोणाला वगळलं असेल तर त्याचा भोग पुढच्या पिढीला, हा हेलिंगर यांचा लाडका सिद्धांत. आपल्याकडे त्याला पितृदोष म्हणतात आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करतात. मुळशीच्या रिसॉर्टपेक्षा स्वस्तही पडेल.

२००४ साली जर्मनीतल्या सिस्टेमिक थेरपिस्टांच्या (एकट्या माणसापेक्षा त्याच्या कुटुंबातल्या नात्यांवर काम करणाऱ्यांच्या) एका मोठ्या संघटनेनेच जाहीर निवेदन काढून हेलिंगर यांच्या पद्धतीपासून स्वतःला लांब केलं. घरच्यांनीच हात झटकले आहेत, आपण कशाला हार घालतो?

चिमणाजी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

वैदेही_ह

समुपदेशक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तर्कटराव, हेलिंगर यांच्याबद्दलचं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. उपस्थितांसमोर माणसाला हुकूम सोडल्यासारखं बोलणं, दहा मिनिटांत निकाल देणं, बायकांच्या बाबतीत अत्यंत जुनाट भूमिका. त्या निवेदनात याच गोष्टींवर बोट होतं. पण माणसं उभी करणं ही कल्पना त्यांची नव्हे. व्हिएन्नातून अमेरिकेला गेलेल्या जेकब मोरेनो यांनी सायकोड्रामामध्ये, म्हणजे प्रसंग करून दाखवायच्या उपचारात, ते त्यांच्या कितीतरी आधी केलं होतं. व्हर्जिनिया सटायर कॅलिफोर्नियात कुटुंबातल्या खऱ्या माणसांनाच शिल्पासारखं उभं करायच्या: बाप खुर्चीवर चढून बोट रोखलेला, आई गुडघ्यावर, मुलगा पाठ फिरवून. कोण कोणाच्या किती जवळ आहे हे तोंडाने सांगायला माणूस अर्धा तास घेतो आणि तरी खोटं सांगतो. उभं करायला सांगितलं की दोन मिनिटांत करून मोकळा होतो.

कंपन्यांमध्ये हे नेण्याचं काम मुख्यतः हायडेलबर्गचे मनोविकारतज्ज्ञ गुंटहार्ड वेबर यांनी नव्वदच्या दशकात केलं. म्युनिकचे मथियास वार्गा फॉन किबेड आणि इन्सा स्पारर यांनी त्यातला पूर्वज-बिर्वज भाग काढून टाकून जास्त कोरडी, प्रश्न-उत्तराच्या अंगाने जाणारी पद्धत केली. त्यामुळे तुमच्या बाई नेमक्या कुठल्या घराण्यात शिकल्यात, हा पहिला प्रश्न विचारा.

पुराव्याबद्दल: २०१३ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने एक चाचणी प्रसिद्ध केली. २०८ सामान्य प्रौढ, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले, एका गटाला तीन दिवसांचं सेमिनार लगेच, दुसऱ्याला नंतर. लगेच केलेल्यांच्या मानसिक स्थितीत सुधारणा दिसली, काही महिन्यांनीही टिकलेली. पण ते कौटुंबिक कॉन्स्टेलेशन होतं आणि लोक आपणहून आलेले होते. भोसरीतल्या क्वालिटी मॅनेजरचा राजीनामा थांबतो, असं त्यातून निघत नाही.

तर्कटराव

म्हणजे तीन दिवस सगळं सोडून दहा माणसांनी तुमच्याकडे लक्ष दिलं तर बरं वाटतं. हे आमच्या आजीलाही माहीत होतं. ती त्याला माहेरपण म्हणायची.

वैदेही_ह

तेच म्हणतेय की. तुमच्या आजीला दंडवत.

सावर्ड्याचा_सदू

अवांतर होईल, पण राहवत नाही. हे सगळं कोकणात शिमग्याला फुकट बघायला मिळतं. पालखी सहाणेवरून उठली की पहिला खांदा कोणाचा, दुसरा कोणाचा, ढोल कुठल्या वाडीचा, नारळ कोणी द्यायचा, पालखी पहिली कोणाच्या अंगणात नाचायची. परक्या माणसाने फक्त उभं राहून बघावं. कुठल्या भावकीचं कोणाशी फाटलंय, कोण मुंबईहून येऊन मान मागतोय, कोणाची चूल वेगळी झाली, सगळं समजतं. आमच्या शेजारच्या गावात मानावरून अशी जुंपली की पोलीस बंदोबस्तात पालखी निघाली. तहसीलदार बैठक घेतात तेव्हा टेबलावर कागद असतो आणि त्यावर कोण कुठे उभा राहणार याचा नकाशा. म्हणजे सरकारसुद्धा हीच पद्धत वापरतं!

गिरमिट, तुमच्या कंपनीत सत्यनारायणाला किंवा खंडेनवमीला मशिनची पूजा होत असेल ना? आरतीचं ताट कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातं तेवढं बघा.

भुंगा

सदूभाऊ, आमच्याकडे आरतीचं ताट एचआरच्या हातात असतं आणि प्रसाद कॉन्ट्रॅक्ट लेबरपर्यंत येईस्तोवर संपतो. ऑर्ग चार्ट समजला.

गिरमिट

हाहा. खंडेनवमीला थोरले साहेब असताना तेच पूजा करायचे. आता एमडी दरवेळी बाहेरगावी असतात, प्लँट हेड करतात. हे मी कधी असं जोडून पाहिलं नव्हतं.

गिरणगावकर

मी लोअर परळच्या एका गिरणीत साचाखात्यात विव्हिंग मास्तर होतो (गिरणीत साचा म्हणजे कापड विणायचा माग). संपानंतर इतरत्र गेलो, आता निवृत्त. या विषयाचा आपल्या धंद्याशी फार जुना संबंध आहे आणि तो कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे (माणसं एकत्र काम कशी करतात याचा अभ्यास करणारी संस्था) ए. के. राइस १९५३ साली अहमदाबादला कॅलिको मिलमध्ये आले. गौतम साराभाई तेव्हा मिल बघत. मिलने नवे ऑटोमॅटिक साचे आणले होते. साचे उत्तम, तरी उत्पादन जुन्यासारखंच आणि कापडात डाग-फाट भरपूर. साहेबी पद्धतीने कामाची विभागणी शास्त्रशुद्ध केलेली. एका पाळीत २२४ साचांवर २९ माणसं आणि कामं बारा प्रकारची. विणकर वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेली तार सांधणारा वेगळा, तेलवाला, झाडूवाला, कापड उचलणारा, जॉबर. प्रत्येकाच्या वाट्याला साचांची संख्या वेगळी. म्हणजे एका विणकराला किती कांडीवाल्यांशी आणि किती सांधेवाल्यांशी जमवून घ्यावं लागे बघा. आणि कोणाचाच कोणी साथीदार नाही. बिघाड झाला की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. आता याला तुम्ही 'क्वालिटी आणि प्रॉडक्शनचं पटत नाही' म्हणाल, स्वभावाची औषधं शोधाल.

राइस यांनी माणसांच्या मनात डोकावण्याआधी साचांमध्ये डोकावलं. ६४ साचांमागे सातजणांची एक टोळी, टोळीने आपली कामं आपसात वाटून घ्यायची, असा विचार मांडला. यातली गंमत ऐका. त्यांनी तो सुपरवायझर आणि कामगारांपुढे नुसता बोलून दाखवला, तर कामगारांनी स्वतःच टोळ्या बांधल्या. कोण कोणाबरोबर काम करणार हे त्यांनीच ठरवलं. सुरुवातीला गडबड झाली, मग उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं.

पुढे त्यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० साली परत जाऊन पाहिलं. काही ठिकाणी टोळी टिकली होती, काही ठिकाणी पुन्हा पहिल्या वळणावर गेली होती. धंद्याचा ताण आला की वरचे लोक टोळीत हात घालायला लागतात, हे मी परळमध्येही पाहिलंय.

तेव्हा ताई, रिसॉर्टवर जाण्याआधी एक काम करा. माल 'होल्ड' झाल्यापासून सुटेपर्यंत किती सह्या लागतात आणि कोणाकोणाच्या, ते एका कागदावर काढा.

रोहिणी_कुर्ला

काका, अप्रतिम प्रतिसाद! वाचनखूण साठवली. स्वतंत्र धागा काढा ना साचाखात्यावर.

तर्कटराव

गिरणगावकर काकांशी शंभर टक्के सहमत. याला म्हणतात काम.

वैदेही_ह

मीही सहमत. फक्त एक भर. राइस हे त्याच टॅव्हिस्टॉकचे, जिथे समूहाच्या मनाचा अभ्यास चालायचा, आणि पुढे इंग्लंडात लेस्टरला भरणाऱ्या, समूहात आपण कसे वागतो ते अनुभवून शिकायच्या ग्रुप रिलेशन्स परिषदांची धुरा त्यांच्याकडेच होती. त्यांच्या लेखी साचे आणि मनं ही वेगळी खाती नव्हती.

परिचारिका_नाशिक

याच टॅव्हिस्टॉकच्या इझाबेल मेन्झीस यांचा १९६० च्या आसपासचा लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सेसवरचा अभ्यास आम्हाला एमएस्सी नर्सिंगला होता. शिकाऊ मुली मोठ्या संख्येने सोडून जात होत्या. कारण शोधलं तर कामच असं वाटलेलं की एका मुलीने एका पेशंटजवळ फार वेळ राहायचंच नाही. एकीने तीस जणांचं तापमान घ्यायचं, दुसरीने तीस जणांच्या चादरी बदलायच्या. पेशंटचं नाव नाही, 'दहा नंबरचं लिव्हर'. मरणाच्या इतक्या जवळ रोज उभं राहण्याची जी भीती असते ती अंगावर येऊ नये म्हणून सगळ्या व्यवस्थेनेच हा आडोसा उभा केला होता, असं त्या म्हणतात. झोपेची गोळी द्यायला झोपलेल्या पेशंटला उठवायचं, कारण तक्त्यात वेळ लिहिलीय.

हे वाचलं तेव्हा हसू आलं होतं. मग नाइट ड्यूटी लागली. पहाटे चारला आमच्या सिस्टरने एका आजोबांना बीपी घ्यायला उठवलं, ते म्हणाले, "पोरी, आत्ता कुठे डोळा लागला होता." तिने रजिस्टर दाखवलं. चारचा रकाना रिकामा राहिला तर सकाळच्या राउंडला ओरडा तिला बसणार होता. आजोबांना झोप लागली हे लिहायला रकाना नव्हता.

सांगायचं काय, तुमच्या क्वालिटीवाल्याचं भांडण कदाचित सगळ्यांना सोयीचं असेल. ते चालू आहे तोवर दुसरं काहीतरी बोलावं लागत नाही.

चिमणाजी

शेवटचं वाक्य वाचून पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

कट्टेकरी

मी त्या ग्रुप रिलेशन्स परिषदेला जाऊन आलोय. कंपनीच्या खर्चाने, निवासी. भारतात हे सत्तरच्या दशकात कलकत्त्याच्या आयआयएमच्या मंडळींनी सुरू केलं, आता बऱ्याच शहरांत होतं.

खोलीत खुर्च्या गोल. कन्सल्टंट येतो, घड्याळाच्या ठोक्याला बसतो आणि गप्प. अजेंडा नाही, ओळखपरेड नाही. तो पुतळा, आपण एकमेकांची तोंडं बघतोय. दहा मिनिटांनी एका बँकवाल्याने "आपण एक लीडर निवडू या का" म्हणून सुरुवात केली. मग एसी किती ठेवायचा यावर जे भांडण पेटलं ते पुढचे तीन तास. थंडीवाले विरुद्ध गरमीवाले. त्यात कोणीतरी 'साउथवाल्यांना सवय नसते' म्हणालं आणि वेगळाच वणवा. अगदी शेवटाला कन्सल्टंट एकच वाक्य बोलला: "एसीशी भांडणं माझ्याशी भांडण्यापेक्षा सोपं जातंय असं दिसतं." आणि पाच वाजले म्हणून उठून गेला! मागे आम्ही चाळीसजण.

पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर असलेले आणि पुढे मनोविश्लेषक झालेले विल्फ्रेड बायन यांचं म्हणणं असं, की समूह कामाला बसलेला दिसतो पण आतून तीनपैकी एका नादात असतो. एकतर कोणी तारणहार शोधतो, नाहीतर लढायला किंवा पळायला शत्रू शोधतो, नाहीतर दोन माणसांची जोडी पकडून 'आता या दोघांतून काहीतरी निघेल' म्हणून वाट बघत बसतो. परत आल्यावर सोसायटीच्या एजीएमला गेलो. पार्किंग, लीकेज आणि सेक्रेटरी. तिन्ही नाद अर्ध्या तासात.

फायदा झाला का? मीटिंगमध्ये मी तोंड कधी उघडतो आणि कशासाठी, ते आता लक्षात येतं. बायको म्हणते घरी तोंड कमी उघडतो, तो जास्त फायदा. पण कंपनीत काडीचा बदल नाही, कारण गेलो मी एकटा.

गिरमिट

कट्टेकरी, म्हणजे तिथे बॉस नव्हता का?

कट्टेकरी

नाही ना. सगळे वेगवेगळ्या ठिकाणचे, एकमेकांना अनोळखी. म्हणून तर बोलू शकलो. तुमच्याकडे सगळे एकाच पेरोलवरचे. हा फार मोठा फरक आहे, बारीक समजू नका.

एचआरवाली_काकू

बरोब्बर इथेच मला बोलायचंय. वीस वर्षं एचआरमध्ये काढलीत, ऑफसाइटला रडलेली माणसं पुष्कळ बघितलीत. रडणाऱ्याला त्या दिवशी सगळे मिठी मारतात. मार्चमध्ये अप्रेझलला तोच माणूस 'इमोशनली थोडा वीक आहे' होतो. कागदावर येत नाही, पण बोललं जातं. प्लँट हेडच्या डोळ्यांत पाणी आलं हे आता शॉप फ्लोअरवर किती जणांना माहितीये, गिरमिट? खरं सांगा.

आणि अकाउंट्सचा मुलगा. तो 'क्वालिटी' म्हणून बोलला की स्वतःचं बोलला? त्याला नवी नोकरी बघायची असेल कदाचित! एमडींनी ते ऐकलं तर काय समजतील?

माझ्या अटी अशा असतात: येणं ऐच्छिक, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. पहिल्या सत्रात मालक नको. मोबाइलवर शूटिंग बंद. कोणाचंही घर, लग्न, आईवडील यात आणायचे नाहीत, आले तर बाईंनी थांबवायचं. आणि कन्सल्टंटने मालकाला स्वतंत्र 'रिपोर्ट' द्यायचा नाही, जे सांगायचं ते सगळ्यांसमोर. ही शेवटची अट घातली की निम्मे कन्सल्टंट गळतात.

गिरमिट

काकू, दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला सगळ्यांना माहीत होतं. कँटीनवाल्यालासुद्धा.

तर्कटराव

वैदेहीताई, एक सरळ प्रश्न. अकाउंट्सच्या मुलाला 'निघून जावंसं' वाटलं, ते कुठून आलं? फील्ड नाही म्हणता, मग?

वैदेही_ह

कोणालाही कपाटाला चिकटवून, पुढच्याच्या पाठीकडे बघत उभं केलं तर काय वाटेल? शिवाय तो त्याच कंपनीत आहे, क्वालिटीवाले जाताना त्यांचा शेवटचा हिशेब तोच करतो. त्याला न सांगता बरंच माहीत आहे. गूढ काही नाही. म्हणूनच प्रतिनिधी जे बोलतो त्याला मी साक्ष मानत नाही, अंदाज मानते. सोमवारी फ्लोअरवर जाऊन तपासायचा अंदाज. ज्या बाई म्हणतील 'फील्डने सांगितलं, म्हणजे तसंच आहे', त्यांच्याकडून पैसे परत घ्या.

तर्कटराव

हे मान्य. बाकी अमान्य, पण हे मान्य.

भुंगा

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. तर्कटराव 'मान्य' म्हणाले.

फळा_खडू

आम्हाला बी.एड.ला समाजमिती होती. मोरेनो यांचंच. वर्गातल्या प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर लिहायचं, सहलीला बसमध्ये कोणाशेजारी बसायला आवडेल. मग गोल आणि बाण काढायचे. एखाद्याकडे दहा बाण येतात, एखाद्याकडे एकही नाही. मोरेनो यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या मुलींच्या सुधारगृहात हे केलं होतं. १९३२ साली दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या, तेव्हा त्यांनी नकाशा काढून दाखवलं की पळण्याची लाट मैत्रीच्या बाणांवरून गेली होती.

मी सातवीत केलं तेव्हा वर्गातल्या मॉनिटरकडे एकही बाण आला नाही. सगळे त्याला घाबरत होते, आणि आम्ही शिक्षक त्याला 'लोकप्रिय' समजत होतो.

कंपनीत कोणाला उभं करायची गरज काय? "मशिन बंद पडलं तर तुम्ही पहिला फोन कोणाला करता?" एवढंच चिठ्ठीवर विचारा. नावं गुप्त ठेवा.

पुणेरी_पाटी

सातवीतल्या मुलांनी गुप्तता पाळली का?

फळा_खडू

मधल्या सुट्टीपर्यंत पाळली.

कट्टेकरी

हे वाचून समूहांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांची गोष्ट आठवली. १९४६, कनेक्टिकट. शिबिराच्या दिवसभराच्या चर्चांवर निरीक्षक रात्री आपापसात बोलत बसायचे. काही शिबिरार्थी म्हणाले, आम्हीही ऐकू का? लेविन यांनी बसू दिलं. निरीक्षक म्हणाला, सकाळी अमुक बाई अशा वागल्या. बाई तिथल्या तिथे उठल्या, अजिबात नाही, असं झालंच नव्हतं! आणि त्या वादावादीत सगळ्यांना इतकं शिकायला मिळालं की दुसऱ्या रात्री झाडून सगळे हजर. टी-ग्रुप (गटात बसून एकमेकांच्या वागण्याबद्दल समोरासमोर बोलत शिकणं) नावाची सगळी परंपरा तिथून निघाली. समोर बोलणं आणि मागे बोलणं यातली भिंत काढली, एवढंच. काकूंची 'रिपोर्ट नको' ही अट त्याच जातीची आहे.

चिमणाजी

गिरमिट, मुळशीचं काय झालं? धागा वर काढतोय.

गिरमिट

सांगते. आज वेळ मिळाला.

एचआरवाली काकूंच्या अटी जवळजवळ जशाच्या तशा बाईंना पाठवल्या. मला वाटलं चिडतील. त्यांनी सगळ्या मान्य केल्या, वर म्हणाल्या, मालक सकाळी नसतील तर मलाही बरं. कुठे शिकलात विचारलं तर म्हणाल्या सुरुवात हेलिंगरवाल्यांकडे, पण पूर्वजांचा भाग त्यांनी कधीच सोडला. रिसॉर्टही रद्द, आमच्याच ट्रेनिंग हॉलमध्ये केलं. माणसं उभी न करता कागदाच्या पाट्या जमिनीवर ठेवल्या आणि ज्याला वाटेल त्याने पाटीवर जाऊन उभं राहायचं, नको वाटलं तर उतरायचं. दोघांनी यायला नकार दिला, त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

त्याआधी गिरणगावकर काकांनी सांगितलेला सह्यांचा कागद मी काढला होता. तो भिंतीवर लावला. माल होल्ड झाला की लाल टॅग. टॅग काढायला क्वालिटीची सही, मग प्रॉडक्शनची. दोघांचं जुळलं नाही तर? फॉर्मवर तिसरा चौकोन आहे, 'निर्णय'. गेल्या कित्येक फॉर्मवर तो कोराच आहे.

पाट्या मांडल्या तेव्हा क्वालिटी आणि प्रॉडक्शन समोरासमोर आणि मधे मोकळी जागा. रिकामी खुर्ची कोणी आणली नाही, पण गेज टेबलाजवळचे आमचे जुने इन्स्पेक्टर जाऊन त्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि म्हणाले, "इथे साहेब उभे राहायचे की." थोरले साहेब रोज सकाळी साडेआठला गेज टेबलाशी यायचे, लाल टॅगचे पीस हातात घ्यायचे, दोघांचं ऐकायचे आणि पाच मिनिटांत निकाल द्यायचे. पाठवा किंवा मोडीत काढा. ते गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीचं, गाडीचं, शेअर्सचं सगळं ठरलं. साडेआठच्या पाच मिनिटांचं कोणीच ठरवलं नाही. ऑर्ग चार्टवर ते काम कधी नव्हतंच. तेव्हापासून क्वालिटी मॅनेजर जो येतो तो एकटाच अडवणारा ठरतो.

दुपारी एमडी आले. त्यांना तो कागद आणि पाट्या दाखवल्या. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दादाला मी विचारलंच नाही तो सकाळी नेमकं काय करायचा.

तर्कटराव

छान झालं. पण हे गेल्या वर्षभराचे होल्ड फॉर्म चाळूनही समजलं असतं. पाट्या कशाला?

गिरमिट

समजलं असतं. फॉर्म माझ्याच कपाटात होते. पण इन्स्पेक्टर मामांना फॉर्मवर काय लिहावं ते सुचलं नसतं, आणि त्यांना कोणी विचारलंही नसतं. ते मीटिंगला नसतात.

गिरणगावकर

उत्तम. आता साडेआठला तिथे उभं कोण राहणार?

गिरमिट

तिथेच अडलंय, काका. एमडी म्हणतात प्लँट हेड. प्लँट हेड म्हणतात मला डिस्पॅचचं टार्गेट आहे, मी कसा निकाल देऊ. बाई म्हणतात हे त्यांच्या कामात येत नाही.

परिचारिका_नाशिक

प्लँट हेड बरोबर बोलतायत. टार्गेट ज्याच्या डोक्यावर तो न्यायाधीश नको.

सावर्ड्याचा_सदू

मामांनाच द्या की मान. पहिला खांदा त्यांचा.

गिरणगावकर

सदूभाऊ, मामांचा हुद्दा काय, पगार काय? प्रॉडक्शन मॅनेजरचा ट्रक त्यांनी अडवला तर एमडी पाठीशी राहतील का? टोळीला अधिकार द्यायचा आणि पहिल्या तंगीला काढून घ्यायचा, हे कॅलिकोतही झालं आणि परळमध्येही. द्यायचा तर लेखी द्या.

एचआरवाली_काकू

+१. ताई, त्या कामाचं जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, लिहा. अधिकार काय, किती रकमेपर्यंतचा माल मोडीत काढता येईल, एमडी निर्णय फिरवणार असतील तर कोणाला लेखी कळवायचं, आणि मामा रजेवर असले तर कोण. एमडींची सही घ्या आणि त्याच फॉर्मच्या मागे छापा. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे जुना आहे.

गिरमिट

व्यनि केला आहे, काकू.

भुंगा

मसुद्यात मामांसाठी चहा साडेआठच्या आधी येईल असंही घाला. आमच्याकडे अधिकार मिळतो, चहा नऊला.